घरच्या प्रिंटरवर फोटो छापताना

मंडळी, छापलेला फोटो भिंतीवर असला की घरातली पोरं बोट दाखवून विचारतात, हे कोण, हे कुठलं. मोबाइलमधल्या हजार फोटोंबद्दल कुणी काही विचारत नाही. म्हणून फोटो छापावा, आणि शक्य असेल तर घरीच छापावा, असं मला मनापासून वाटतं. घरचा इंकजेट प्रिंटर हे काम चांगलं करतो. तरी तक्रार एकच ऐकू येते: स्क्रीनवर झकास दिसत होता, कागदावर काळवंडला. मग नवा प्रिंटर घ्यायची चर्चा सुरू होते. माझं आजचं म्हणणं एवढंच, की बहुतेक वेळा चूक प्रिंटरच्या आधीच झालेली असते आणि ती पैसे न घालता दुरुस्त होते.

पहिली चूक स्क्रीनची. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत पाठवतो. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून फोटो दुरुस्त केला, तर आपण नकळत तो गडदच करत जातो. छपाईसाठी स्क्रीन साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनचा उजळपणा मोजायचं एकक) एवढीच उजळ हवी. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, शेजारी छपाईचा कोरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. प्रिंट पाहायचा तो दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी. पिवळ्या बल्बखाली पाहून निळा कमी पडला असं ठरवू नका.

फाइलबद्दल थोडक्यात. ए-४ आकाराला ३०० पिक्सेल प्रति इंच धरले तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. तो ए-४ वर ताणला की इंचाला १३७ च्या आसपास उरतात. पाहुण्यांकडून लग्नाचे फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगा.

आता कागद. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंट देताना संगणकावर उघडणाऱ्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, ‘पेपर टाइप’ नावाचा रकाना असतो. आपण त्यात ‘प्लेन’ तसंच ठेवतो आणि ट्रेमध्ये ग्लॉसी घालतो. त्या एका रकान्यावरून प्रिंटर शाई किती सोडायची, कुठल्या शाया वापरायच्या, हे ठरवतो. काही प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची असते आणि ती ग्लॉसी कागदावर बसत नाही, बोट लावलं की निघते. रकाना बरोबर भरला तर असे प्रिंटर बाकीच्या रंगांतून काळा तयार करतात. मॅट कागदाची छपाईची बाजू ओळखता येत नसेल तर किंचित ओलसर बोटाने कोपऱ्याला स्पर्श करा, जी बाजू चिकटते ती लेपाची. आणि एक विनंती: एकच कागद निवडा आणि त्यावर बराच काळ राहा. दर वेळी दुकानात जो स्वस्त मिळेल तो आणला, तर आपला हात कधीच बसत नाही.

रंगाचा ताबा एकाकडेच हवा. फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडलं, तर कागद तयार करणाऱ्या कंपनीने तुमच्या प्रिंटरसाठी दिलेलं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) तिथे लावायचं आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करायची. दोन्ही चालू राहिल्या तर रंग दोनदा बदलतो आणि चेहरे तांबूस-गुलाबी होतात. प्रोफाइल नसेल तर उलट करा: फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा, सगळा ताबा प्रिंटरकडे द्या, पेपर टाइप तेवढा नीट निवडा. तेही चांगलं चालतं. मात्र कंपनीने दिलेलं प्रोफाइल प्रिंटरच्या मूळ शाईसाठी असतं. बाटलीतली दुसरी शाई भरली की त्याचा भरवसा संपला. मग त्या शाईसाठी वेगळं प्रोफाइल करून घ्यावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर काढलेले फोटो छापले की गुलाल सपाट गुलाबी ठिगळासारखा येतो. त्यातली धूळ, सदऱ्याच्या चुण्या, काही दिसत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत हे दाखवणारा आलेख, उघडून त्यातला लाल चॅनेल वेगळा पाहा. तो उजव्या कडेला जाऊन आपटलेला असतो, म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपीईजीमध्येच तपशील गेला. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा आणि फक्त गुलाबी-लाल रंगांचं सॅच्युरेशन कमी करा, चुण्या बहुधा परत दिसू लागतात. काही रंग कागदाला जमतच नाहीत, ते ‘सॉफ्ट प्रूफ’मध्ये, म्हणजे छपाई कशी येईल हे स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीत, आधी कळतात. अशा रंगांचं काय करायचं, ते ‘रेंडरिंग इंटेंट’च्या रकान्यात निवडायचं. ‘पर्सेप्च्युअल’ निवडलं तर सगळे रंग मिळून थोडे आत सरकतात. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’मध्ये जमणारे रंग जागेवर राहतात आणि न जमणारे कडेला येऊन थांबतात. गुलालाला पहिलं, माणसांच्या चेहऱ्यांना बहुधा दुसरं, असा माझा कल आहे. रंकाळ्यावरच्या संध्याकाळचा गडद निळा जांभळट छापला जातो, तो छापण्यापूर्वी किंचित आकाशीकडे वळवावा.

मोठा कागद घालण्याआधी चार बाय सहा इंचांच्या तुकड्यावर चाचणी घ्या. त्यात एक चेहरा असावा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्या असाव्यात. करड्यात हिरवट किंवा लालसर झाक आली की समजायचं, साखळीत कुठेतरी बिघडलं आहे. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदाच्या मागे काय बदललं ते लिहून ठेवा. नाहीतर दहा कागद जातात आणि शिकायला काही मिळत नाही.

यंत्राचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा एखादा रंगीत प्रिंट काढा. पट्टे दिसले तर आधी नोझल चेक (शाईची छिद्रं तपासणारा रेघांचा प्रिंट), आणि त्यातल्या रेघा तुटलेल्या असतील तरच हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाची सफाई, कारण त्यात शाई वाया जाते. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचं बटण आधी दाबलं तर हेड टोपणावर जाऊन बसत नाही, उघडं राहतं आणि शाई सुकते. वीज जायची धास्ती असेल तिथे मोठा प्रिंट सुरू करू नका.

आपला पावसाळा कागदाला सोसत नाही. जून ते सप्टेंबर पाकीट उघडं ठेवलं की कागद ओल धरतो, वाकतो आणि हेडला घासतो. लागतील तेवढेच कागद काढा, बाकीचे सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात ठेवा. छापलेला फोटो निदान एक दिवस मोकळा सुकू द्या, मगच फ्रेममध्ये घाला, आणि काच फोटोला टेकणार नाही असा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) मध्ये ठेवा, नाहीतर ओलीने फोटो काचेला चिकटतो. डाय शाईचा, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचा, प्रिंट उघड्या हवेत लवकर उडतो, काचेमागे जास्त टिकतो, पण त्या भिंतीवर ऊन पडत असेल तर ती जागा सोडा.

आता तुम्ही आणलेले प्रिंट घेऊन खिडकीपाशी या. आधी करड्या पट्ट्या बघू, मग चेहरे.