पावणेपाच लाख भोकं

सांगलीत उभं राहून सिनेमावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच, कारण इथं रिक्षावाला पण सांगतो की साहेब, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीतास्वयंवर इथंच केलं, नाटक आमचं. मान्य आहे बाबा. पण मला आज ‘पहिला भारतीय सिनेमा कुणाचा’ हा वाद घालायचाच नाहीये. दादासाहेब तोरणे का दादासाहेब फाळके, १९१२ चा पुंडलिक का १९१३ चा राजा हरिश्चंद्र, यावर लोक चहा गार होईपर्यंत भांडतात, भांडू देत. फक्त एवढं ध्यानात ठेवा की तोरण्यांचा पुंडलिक म्हणजे नाटकासमोर कॅमेरा लावून केलेलं शूटिंग, आणि त्याची निगेटिव्ह धुवायला लंडनला पाठवली होती. फाळक्यांनी धुवायचं कामसुद्धा घरात आणलं.

आणि मला बोलायचंय ते भोकांबद्दल. हसू नका.

फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात ना, त्यात मशीनचे दाते अडकतात आणि फिल्म पुढं सरकते. तेव्हा फाळक्यांकडं कच्ची फिल्म यायची ती बिनभोकाची. १९१२ ला ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, बरोबर भोकं पाडायचं यंत्र पण, आणि हे काम करायचं अंधारात, कारण जरा उजेड लागला की फिल्म बाद. दादरच्या घरी ते काम होतं सरस्वतीबाईंकडं, म्हणजे फाळक्यांच्या पत्नीकडं. आता जरा हिशोब करू. एका फ्रेमला एका बाजूला ४ भोकं, दोन्ही बाजूंची ८. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे फुटाला १२८. राजा हरिश्चंद्र साधारण ३७०० फुटांचा. करा गुणाकार, पावणेपाच लाखाच्या आसपास जातं! आणि ही झाली नुसती निगेटिव्ह, दाखवायच्या प्रिंटला परत तेवढीच. यंत्र होतं, खरंय, पण अंधारात चाचपडत फिल्म सरकवायची, एक भोक चुकलं की चित्र पडद्यावर उडी मारणार, आणि हे सगळं कधी, तर दिवसभर युनिटचा स्वयंपाक करून, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहून (तेव्हा लाइट म्हणजे सूर्यच), मग रात्री. दागिने तर आधीच गहाण पडलेले. आपण साळुंक्यांचं कौतुक करतो, हॉटेलातला आचारी तारामती झाला म्हणून, करायलाच पाहिजे, पण सरस्वतीबाईंचं नाव किती जणांना माहितीये? हात वर करा बरं. बघा.

आपल्या बाजूला पण गोष्ट हातांचीच आहे. शेजारी कोल्हापूरला बाबूराव पेंटर आणि आनंदराव, दोघं चुलतभाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारी माणसं, त्यांनी ठरवलं की कॅमेराच आपण बनवायचा. १९१६ ला आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सोडलं नाही, दामलेमामांना बरोबर घेऊन तो कॅमेरा पुरा केला. इकडं १९१० ला किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली होती, म्हणजे लेथ, पत्रा, दाते हे काही आपल्या भागाला परकं नव्हतं. त्या घरगुती कॅमेऱ्यावर १९२० ला सैरंध्री आला आणि टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. त्यात बायकांची कामं बायकांनीच केली होती. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या आपल्या भागात हे पचायला जरा वेळच लागला असणार, असं मला आपलं वाटतं.

असो, बोललो फार. हा फिल्मचा तुकडा मी आणलाय, पुढच्या रांगेपासून फिरवा. चित्र बघू नका, कडेनं धरा आणि एका फ्रेमची भोकं मोजा. आणि मागं जाऊन गायब व्हायला नको, एवढा एकच आहे माझ्याकडं.