कलमाला अनुदान आहे, नावाला नाही

नमस्कार मंडळी. जिल्हा आपल्या शेतीच्या पाठीशी उभा राहतो म्हणजे नेमकं काय करतो, हा आजचा विषय. भाषणात 'योजना' हा शब्द चारदा आला की श्रोते घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणून आपण एकच पीक धरून चालू, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा हापूस. कलम खड्ड्यात बसतं तिथपासून फळ ग्राहकाच्या हातात पडतं तिथपर्यंत जाऊ आणि सरकारी किंवा सहकारी हात कुठे लागतो, कुठे सुटतो ते बघू. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मदतीचा सगळा ओघ झाडाच्या बुंध्याशी आहे. देठाशी येईपर्यंत तो आटतो, आणि फळावर जे नाव लागतं त्याच्यापर्यंत तर जेमतेम ओल पोचते.

बुंध्याची गोष्ट खरोखर मोठी आहे. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातल्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनींवर, कातळावर कलमं उभी राहिली. आज त्याच धर्तीवर रोजगार हमीतून लागवड होते, आणि त्या निकषांत न बसणाऱ्यांसाठी २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. राज्यात इतरत्र सहा हेक्टरची मर्यादा आहे, कोकणाला दहा हेक्टरची. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. पण दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत दिसली पाहिजेत. जमीन तयार करणं आणि कुंपण शेतकऱ्याच्या पदरचं.

हप्ता अडतो तो या जगण्याच्या अटीवर. कलमं का मरतात ते सांगतो. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी शंभर खड्डे, प्रत्येक खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल. मातीत हे जमतं. जांभ्याच्या कातळावर सुरुंग लावावा लागतो आणि भरायला माती बाहेरून आणावी लागते. तिथे खर्च वाचवायला खड्डा दीड-दोन फुटांवर थांबतो. पावसाळ्यात भरलेली माती खाली बसते, खड्ड्याची बशी होते, तीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून खड्डा भरताना माती जमिनीच्या वर चांगली उंचवट्यासारखी चढवायची आणि कलमाचा जोड कधीही मातीखाली जाऊ द्यायचा नाही. जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडायची राहिली की दुसऱ्या वर्षी बुंधा वाढतो, पट्टी आत रुतते आणि एका वाऱ्यात कलम तिथेच मोडतं. जोडाखालून फुटवा आला आणि तो काढला नाही, तर कलम मरतं, फुटवा जगतो आणि सात वर्षांनी त्या झाडाला हापूसऐवजी रायवळ, म्हणजे साधा गावठी आंबा लागतो! तपासणीच्या दिवशी मात्र झाड हिरवं दिसतं, हप्ता मिळून जातो.

आणि पाणी. पहिल्या वर्षी आठवड्याला, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला, तिसऱ्या वर्षी महिन्याला. कोकणात चार महिने धो धो पाऊस पडतो आणि फेब्रुवारीत कातळावर हंडाभर पाणी मिळत नाही. ज्या बागेत टाकीची सोय लागवडीच्या आधी झाली, तिथे ९० टक्क्यांची अट जड जात नाही. माझ्या मते लागवडीचा अर्ज घेताना पहिला प्रश्न 'मे महिन्यात पाणी कुठून आणणार?' हाच असला पाहिजे.

आणखी एक अडसर फक्त इथल्या माणसांना कळेल. सातबारावर पंधरा नावं, त्यातली अकरा मुंबईत, दोन वारलेली आणि वारसनोंद नाही. अर्जाला सहहिस्सेदारांची संमती लागते. गणपतीत आणि शिमग्यात सगळे गावी असतात, तेव्हा संमतीपत्र करून घ्यायचं. गणपती आणि शिमग्याच्या मधल्या दिवसांत हे काम होत नाही. कायमचा इलाज म्हणजे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप, पण भाऊबंदकी आड आली की तो अर्ज वर्षानुवर्षं तारखा खातो. सिंधुदुर्गातल्या आंबोली, चौकुळ, गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनींचा गुंता तर वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. जिल्ह्याला शेतीसाठी एकच काम करायचं असेल तर मी सांगेन की प्रत्येक तालुक्यात गणपतीच्या सुट्टीत वारसनोंदीची शिबिरं घ्या. कुठल्याही अनुदानापेक्षा जास्त बागा त्याने सुटतील.

आता झाड मोठं झालं. इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा हात लागतो. हापूस एक वर्ष भरून येतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. त्यावर पॅक्लोब्युट्राझोल आलं, बाजारातल्या नावाने कल्टार. मात्रा ठरलेली आहे. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजा आणि दर मीटरला तीन मिली घ्या. आठ मीटर व्यास असेल तर चोवीस मिली. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध दहा-बारा सेंटिमीटर खोल पंचवीस-तीस भोकं पाडून पाण्यातून ओतायचं. जोराचा पाऊस चालू असताना ओतलं तर ते वाहून जातं. झाड दहा वर्षांपेक्षा मोठं हवं. आणि ज्या झाडाला कल्टार दिलं त्याला पन्नास किलो शेणखत आणि पूर्ण खत द्यायलाच हवं, कारण दरवर्षी भार घेणारं झाड दरवर्षी जेवणार. घोटाळा इथेच होतो. बाग करारावर दिलेली असते, करारदार तीन वर्षांचा. तो मात्रा वाढवतो, खत टाळतो, पीक काढून निघून जातो आणि मालकाच्या हाती वाळक्या काटक्या राहतात. करारनाम्यात कल्टारची मात्रा आणि खताची पावती हे दोन मुद्दे लिहून घ्या. वकील लिहिणार नाही, तुम्हीच सांगा.

फळमाशीचं उदाहरण मला जिल्ह्याच्या कामाच्या दृष्टीने फार बोलकं वाटतं. विद्यापीठाचा रक्षक सापळा स्वस्त आहे, हेक्टरी चार पुरतात. आत मिथाइल युजेनॉलचा वास असतो, त्याला फक्त नर येतात. मादी येत नाही, आणि फळात अंडी घालते ती मादी. म्हणजे एकट्या बागायतदाराने सापळे लावले तर तो शेजारच्या बागेतले नर आपल्याकडे बोलावतो आणि शेजारच्या माद्या त्याच्या फळावर बसायच्या त्या बसतातच. सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात लावले, वेळेवर सापळ्यातली वासाची गोळी बदलली आणि खाली पडलेली किडकी फळं उचलून पुरली, तरच त्या वर्षी फरक दिसतो. म्हणून सापळ्यांवरचं अनुदान माणसागणिक न देता वाडीगणिक द्यायला हवं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली ती याच माशीमुळे. २०१५ च्या सुरुवातीला ती उठली. निर्यातीच्या बागांची मँगोनेट या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी, गरम पाण्याची किंवा उष्ण बाष्पाची प्रक्रिया, फळाची तपासणी ही सगळी शिस्त त्यानंतर पक्की झाली. अमेरिकेचा रस्ता वेगळा आहे, २००७ पासून विकिरण करून जातो.

फळपीक विम्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर तक्रारी ऐकायला रात्र पुरणार नाही. हापूसचा विमा हवामानावर आहे, नुकसानीवर नाही. तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान किंवा वारा ठरलेल्या आकड्यापलीकडे नोंदवला तरच भरपाई लागू होते. केंद्र सड्यावर (उंच कातळी पठारावर) आणि बाग खाडीच्या काठाला असेल तर मोहोर तुमचा गळतो आणि यंत्र कोरडं राहतं. उलटंही घडतं, पण त्याची तक्रार कोणी करत नाही. कोकणातल्या आंब्यासाठी मुदत ३० नोव्हेंबर. झाडं पाच वर्षांपुढची हवीत आणि क्षेत्र सातबाऱ्याशी व ई-पीक पाहणीशी जुळलं पाहिजे. गारपिटीसाठी जादा हप्ता भरला असेल तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. आधी फोन, मग फोटो, मग पंचनाम्याची वाट. हा क्रम बदलू नका.

आता देठाकडे येऊ. सोळा आण्यांतलं चौदा आणे तयार फळ, देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून, सकाळी लवकर, नूतन झेल्याने (पातं आणि जाळी लावलेल्या काठीने) काढायचं. देठ तुटला की चीक फळावर सांडतो आणि पिकल्यावर तिथे काळे डाग येतात. काढलेलं फळ उन्हात पडलं की साका होण्याची शक्यता वाढते. फळ बाहेरून सुंदर दिसतं, कापलं की गराचा एक भाग पांढरट आणि आंबट. साका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो थेट नावाला लागतो. ग्राहक म्हणतो, 'हापूसात आता राम नाही.' मार्चच्या चढ्या दरासाठी दहा आणे फळ उतरवून ते गरमीने पिकवलं की ग्राहक पुन्हा तेच म्हणतो. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, पिकवण्याच्या बंद खोलीत, ही परवानगीची पद्धत. पण कोवळ्या फळाला इथिलीन रंग देईल, गोडी कुठून देणार? ज्याला खोली परवडत नाही त्याने गवताची आढी घालावी, तिच्यात काही कमी नाही.

पेटी मग वाशीला, नवी मुंबईच्या घाऊक बाजारात जाते. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, आडत, म्हणजे दलाली, खरेदीदाराने द्यायची आहे. कागदावर हे ठीक. पण ज्याच्याकडून ऑगस्टमध्ये औषधा-खतासाठी उचल घेतली, त्याच्याच गाळ्यावर पेटी उतरते. दर तो सांगतो, पट्टी (विक्रीचा हिशेब) हंगामाअखेर येते आणि त्यातून आधी उचल वळती होते. जिल्हा बँकेचं पीककर्ज वेळेवर मिळालं तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. ज्या सामाईक सातबाऱ्यापायी लागवड अडते, त्याच्यापायीच पीककर्जही अडतं. पणन मंडळाचे आंबा महोत्सव आणि सोसायट्यांच्या आवारातली थेट विक्री चांगली आहे, पण एका कुटुंबाला बाग, काढणी आणि पुण्यातला स्टॉल एकाच वेळी झेपत नाही. ते काम गटाने किंवा उत्पादक कंपनीनेच करावं.

आणि आता नाव. ३ ऑक्टोबर २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच आंब्याला हापूस म्हणता येतं. परंतु मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक बागायतदाराला आपोआप हक्क मिळत नाही. सातबारा आणि ओळखपत्र जोडून अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव घालावं लागतं. नोंदणीधारक संस्था हे अर्ज गोळा करतात. ज्याचं नाव नाही, त्याला बनावटीविरुद्ध दावा लावायला पायच नाही.

तक्रार केली तरी पुढे काय? कर्नाटकातला आंबा दिसायला जवळचा, साल जाड, वास कमी. तो कर्नाटक हापूस म्हणून, पुढे नुसता हापूस म्हणून आणि शेवटी देवगडच्या छापील खोक्यातून विकला जातो. कायद्यात झडतीचा अधिकार पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, आणि झडतीआधी त्याने मानांकनाच्या निबंधकाचं मत घ्यायचं आहे. हा कायदा साडी आणि चहासारख्या वस्तूंना शोभतो. आंबा आठवड्याभरात पिकतो. मत येईपर्यंत पुरावा लोकांनी खाऊन टाकलेला असतो.

म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून धरलेली वाट मला जास्त कामाची वाटते. प्रत्येक फळावर क्रमांकाचं स्टिकर. ते काढायला गेलं की फाटतं, म्हणजे एका फळावरून दुसऱ्यावर चढवता येत नाही. ग्राहक व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो आणि फळ कोणाचं ते त्याला कळतं. पण खरी मेख स्टिकरांच्या संख्येत आहे. बागायतदाराच्या झाडांच्या संख्येवरून त्याला स्टिकर मिळतात. समजा शंभर झाडांना हिशेबाने वीस हजार स्टिकर मिळाले, तर तो चाळीस हजार फळं देवगड म्हणून विकू शकत नाही. बाहेरचा आंबा आपल्या पेटीत भरणारे आपल्यातही आहेत, हे उघड बोलायला हवं, आणि ही पद्धत त्यांनाही आवरते. तिचा कमकुवत भाग झाडांची मोजणी हाच. ती सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीवरून केली तर मेलेल्या झाडांनाही स्टिकर मिळतील. इथे जिल्हा परिषदेने आणि कृषी विभागाने उतरायला हवं. लागवडीच्या तपासणीला जो कर्मचारी झाडं मोजायला जातो, त्यानेच धरत्या (फळं देणाऱ्या) बागाही दर तीन वर्षांनी मोजून आकडा संस्थेला द्यावा. जिल्हा वार्षिक योजनेतून स्टिकरचा खर्च उचलायला हरकत नाही. एका पेटीमागे तो खोक्याच्या किमतीच्या आसपासही जात नाही.

खोक्याचीही एक गोष्ट आहे, तेवढी सांगून थांबतो. बनावट मालाला अस्सल खोका लागतो आणि तो छापावा लागत नाही, रिकामा मिळतो. तेव्हा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना पेटी पाठवाल तेव्हा चिठ्ठीत एक ओळ लिहा: आंबे काढून झाले की खोका फाडूनच भंगारवाल्याला द्या.