बारावीच्या तोंडावर बंद झालेली पोटगी

(दृश्य: पासबुकाची पानं, आईचे हात)

ही फेब्रुवारीची नोंद. जानेवारीपर्यंत दरमहा दोन रकमा जमा व्हायच्या, एक आईची, एक मुलाची. इथून पुढे एकच. जानेवारीत मुलाला अठरा पूर्ण झाली. फेब्रुवारीत त्याची बारावीची बोर्डाची परीक्षा होती.

वडिलांनी कायदा मोडलेला नाही. आदेशातली पेन्सिलीने खूण केलेली ही ओळ पाहा: ‘सज्ञान होईपर्यंत’. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. वयाची अट मात्र तीच राहिली. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरता येत नसेल, तर अठरानंतरही पोटगी मिळते. शिकत असलेल्या मुलाचा त्यात उल्लेखच नाही. ही या कायद्यातली मोठी उणीव आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: मोठी बहीण, टेबलावर पसरलेले कागद)

मोठ्या बहिणीला निदान एक वाट आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २०. अविवाहित मुलीचं स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही ती आईवडिलांकडे खर्च मागू शकते. पण त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो. हरियाणातल्या रेवाडीच्या प्रकरणात आईने २००२ मध्ये कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला. दंडाधिकाऱ्यांचा आदेश आला २०११ मध्ये. मुलगी २००५ मध्येच सज्ञान झाली होती. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं अपील फेटाळलं आणि कलम २० खाली नव्याने दाद मागायची मुभा दिली. नव्याने, अठरा वर्षांनंतर!

(दृश्य: पुण्यात शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयाचं फाटक, वकील, पक्षकार)

आत कॅमेरा नेता येत नाही. बाहेर सकाळपासूनच गर्दी आहे. हातातल्या जाड फायलींत बहुतेक शपथपत्रं असतात. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, सगळं शपथेवर मांडावं लागतं. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, मुलांच्या फीच्या पावत्या. या बाईंनी शाळेच्या बसच्या पावत्यासुद्धा वर्षावार लावून ठेवल्या आहेत. थकलेल्या पोटगीचाही हिशेब इथेच होतो. मूल सज्ञान झालं म्हणून आधीची थकबाकी बुडत नाही. पण कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. हे कित्येक आयांना कोणी सांगतच नाही.

(दृश्य: वर्कशॉपमध्ये काम करणारा मुलगा)

मुलगा बारावी झाला. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला नाही, कामाला लागला.

(दृश्य: वकिलांच्या टेबलावर अर्ज)

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशाच एका घराबाबत म्हटलं, की मुलगा अठराचा झाला म्हणून शिक्षणाचा सगळा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही. तिथे मुलाची पदवी होईपर्यंत किंवा तो कमावता होईपर्यंत आईला दरमहा १५,००० रुपये मंजूर झाले. त्याच निकालाचा आधार घेऊन या आईने स्वतःची पोटगी वाढवून मागितली आहे. समोरच्या पक्षाचं शपथपत्र अजून आलेलं नाही.