मराठा डिच: कोलकात्याचा अर्धवट खंदक

डिच हा शब्द आपल्याकडे आता कॉलेजच्या पोरापोरींच्या तोंडी जास्त, कोणी ऐनवेळी टांग दिली की "डिच केलं यार". मूळ अर्थ साधाच, जमिनीत खणलेला चर, खंदक. मला आज बोलायचंय ते कोलकात्याच्या एका डिचबद्दल, कारण त्याच्या नावातच आपण आहोत. मराठा डिच.

साल १७४२. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर चौथ वसूल करायला बंगालमध्ये शिरले, तिथे तेव्हा नवाब अलिवर्दी खान. आपलं घोडदळ बर्दवान, काटवा करत थेट मुर्शिदाबादेत घुसलं, तिथला बडा सावकार जगतशेठ याची कोठी लुटली. ही बातमी आल्यावर कोलकात्यात कंपनीचे गोरे काय आणि तिथले बंगाली व्यापारी काय, सगळ्यांचीच झोप उडाली. नवाबाची परवानगी काढून शहराभोवती अर्धगोल खंदक खणायला घेतला. खर्चाला कौन्सिलने २५,००० रुपये उसने दिले, फेडायचे रहिवाशांनी. ठरलं होतं ७ मैलांचं काम, सहा महिन्यांत ३ मैल झालं आणि मग थांबलंच, कारण मराठे कोलकात्यात आलेच नाहीत. पण नाव चिकटलं ते चिकटलं, तिथल्या गोऱ्यांना पुढे बाकीचे लोक चिडवायला "डिचर" म्हणायचे.

आता तिकडे भास्करपंतांचं काय झालं? काटव्याला छावणीत त्यांनी दुर्गापूजा मांडली होती, आणि ऐन नवरात्रात अलिवर्दीने नदी ओलांडून पहाटे छापा घातला, सगळं तसंच टाकून पळावं लागलं. १७४४ ला परत आले तेव्हा अलिवर्दीने मानकरा नावाच्या ठिकाणी तहाची बोलणी करू म्हणून त्यांना तंबूत बोलावलं आणि सोबतच्या सरदारांसकट मारलं. तरी रघुजी थांबले नाहीत, शेवटी १७५१ ला तह झाला, वर्षाला १२ लाख चौथ आणि ओडिशा पदरात.

आपल्या पुस्तकांत हा विजय म्हणून येतो आणि तो आहेच, मी नाकारत नाही. पण बंगालमध्ये याच दहा वर्षांना "बर्गीर हांगामा" म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याला घोडं सरकारातून मिळायचं तो, स्वतःचं घोडं असलेला तो शिलेदार. गावं जाळली, विणकर, शेतकरी घरदार सोडून गंगेपलीकडे पळाले, आणि तिथल्या आया अजून अंगाईत बर्गी आले म्हणून पोरांना झोपवतात. नवाबाच्या तिजोरीशी भांडण होतं ना, मग विणकराचं घर का जाळायचं? हे मला खरंच सलतं, आणि अटकेपार झेंड्यांचं जेवढं सांगतो तेवढंच हेही आपल्या मुलांना सांगायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, खंदकाचा उपयोग? १७५६ ला कोलकात्यावर चालून आला तो अलिवर्दीचाच नातू सिराजउद्दौला, तेव्हा या अर्ध्या खंदकाने त्याला काही अडवलं नाही. १७९९ मध्ये बराचसा बुजवून वर सर्क्युलर रोड केला, त्याचीच आजची नावं आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रोड, आणि उत्तरेला बागबाजारमध्ये मराठा डिच लेन नावाची गल्ली अजूनही आहे.