तीन गोल, एक चौकोनी

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला वाळवंटात न्यायचंय. कॅमेरा असला तर घ्या, नसला तर मोबाईल चालतोय. पण उंट, किल्ले, हवेल्या आज बाजूला ठेवू. आज बघायची ती रस्त्याकडेची साधी वस्तू. मैलाचा दगड, पाण्याचं पिंप, पंक्चरवाल्यानं काठीला अडकवलेलं टायर. साधी वस्तू, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. परत सांगतो, एकच वस्तू आणि भरपूर मोकळी जागा.

आता तुम्ही म्हणाल, दगडाचा फोटो काढायला राजस्थान कशाला? आपल्याकडं दगड नाहीत का? आहेत की! पण बेळगावहून खानापूरकडं निघा आणि एक दगड एकटा सापडतोय का बघा. मागं घाणेरीचं झुडूप, त्याच्या मागं क्लासचा बोर्ड, बोर्डावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर. शिवाय दगडावर गावाचं नाव कुठल्या लिपीत, हा विषय निघाला की आपल्याकडं चहा गार होतो, म्हणून तो मी काढत नाही. अथणीच्या पुढं विजापूरच्या बाजूला ज्वारी निघाल्यावर रान थोडं मोकळं दिसतं. सरावाला ते बरं आहे.

जैसलमेरहून रामगढ साठेक किलोमीटर. त्या रस्त्यावर मी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात होतो. दुपारी दोनच्या सुमाराला, वस्ती दिसत नाही अशा ठिकाणी, डांबरापासून पाच पावलांवर वाळूत एक लाल प्लास्टिकची खुर्ची. हॉलमध्ये पाहुण्यांना देतो तसली. तीन पाय धड, चौथा मोडलेला, त्याच्याखाली अर्धी वीट. पाठीला तार गुंडाळलेली. आसपास माणूस नाही, झोपडी नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब बाबा.

पण दोनच्या उन्हात सावली हवी तेवढी लांब नव्हती. फोटो सपाट येतो. म्हणून ठरवलं, ऊन उतरेपर्यंत थांबायचं. साडेतीन तास थांबलो. ड्रायव्हर गाडीत झोपला. मी वाळूत बसून बरोबर नेलेला कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, खाल्ला. जाता जाता सांगतो, कुंदा कसा, तर चांगला तपकिरी आणि रवाळ पाहिजे. हल्ली काही ठिकाणी फिकट, नुसता साखरेचा गोळा देतात. त्याला कुंदा म्हणणं मला पटत नाही. असो.

साडेपाचला सावली लांब झाली. मी पोटावर आडवा झालो, कॅमेरा वाळूला टेकवला, खुर्ची आभाळात उभी दिसायला लागली. बोट बटणावर. तेवढ्यात वाळूच्या उंचवट्यावरून एक तरुण उतरून आला आणि खुर्चीशेजारी उभा राहिला. मी हातानं खूण केली, जरा सरक. तो म्हणाला, ‘बस आ रही है.’

बस आली खरी. एक म्हातारी उतरली, हातात पिशवी. पाच पावलं चालली आणि त्या खुर्चीत बसली. मुलानं बाटली दिली, ती पाणी प्यायली. सकाळी ती जाताना बसची वाट बघायला तीच खुर्ची, संध्याकाळी आल्यावर दम खायला तीच. म्हणून दिवसभर तिथं. मी कॅमेरा दाखवून विचारलं, काढू? तिनं पदर तोंडावर ओढला आणि हात हलवला. नाही म्हणजे नाही. मी उरलेला कुंदा दिला, तो मात्र घेतला. मग मुलानं खुर्ची डोक्यावर घेतली, वीट काखेत मारली, आणि दोघं उंचवट्यापलीकडं गेली.

मी बघतोय वाळूकडं. तीन गोल खळगे, एक चौकोनी. वारा सुटला होता, कडा ढासळायला लागल्या होत्या. सूर्याकडं तोंड करून मी धडाधड चार फोटो काढले. बास.

आता थोडं कामाचं. पांढरट वाळू दिसली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो सगळं राखाडी करून टाकतो. म्हणून कॅमेऱ्याच्या प्लस-मायनस खुणेवर उजेड एक घर वाढवा, प्लस वन. मोबाईलवर वस्तूवर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. थोडंच. दुसरं, काच शर्टाच्या टोकानं पुसू नका. वाळू म्हणजे गारगोटीचा चुरा, काचेपेक्षा कठीण. आधी फुंकणीनं उडवायची, मग पुसायचं. आधी उडवा, मग पुसा. आणि उभ्यानं काढू नका, खाली बसा. वस्तू लहान असली तर झोपा.

तर त्या फोटोची गोष्ट राहिली. बेळगावात फ्रेम करायला दिला. घरी आणला, भिंतीला लावला, आणि बघतो तर खळगे नाहीत, वाळूवर चार उंचवटे! फ्रेमवाल्यानं कडी उलट्या बाजूला ठोकली होती. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, त्यामुळं असला फोटो उलटा केला की खड्ड्याचा उंचवटा दिसतो. मी स्टूल घेऊन कडी काढायला चढलो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, राहू द्या तसंच. एवढ्या लांब जाऊन खड्डे आणले म्हणण्यापेक्षा लाडू आणले म्हणता येईल. तीन गोल, एक वडी.’

फोटो अजून तसाच आहे.