तीन खिडक्या, एक रेघ

(दृश्य: जुनी बैठकीची खोली. एक कारागीर भिंतीवर बोटांनी टकटक करतोय.)

पुण्यातल्या कसबा पेठेतलं हे घर. एकाच खोलीत तीन खिडक्या, तिन्हींची मापं वेगळी. रस्त्याकडची साडेतीन फुटी, लाकडी चौकटीची, मूळच्या बांधकामातली. शेजारी नंतर भिंत फोडून बसवलेली सहा फुटी स्लायडिंग. आणि देवघरापाशी दोन फुटांचा झरोका.

पडदेवाले दादा टेप काढायच्या आधी भिंत वाजवून बघतात. आवाज पोकळ आला की समजायचं, गिलावा सुटलाय. रॉडचा भार शेवटी भिंतच पेलणार. जुन्या खिडकीच्या माथ्यावर लाकूड आहे, तिथे स्क्रू थेट जातो. स्लायडिंगवर काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे माथ्यावरची आडवी तुळई. तिथे हॅमर ड्रिल, सहा मिलिमीटरचं बिट आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी भोकातली खुंटी. झरोक्यावर मात्र चुन्यातली जुनी वीट. हॅमर लावला तर भोक फाकतं आणि गिट्टी नुसती फिरत राहते. म्हणून दादा हॅमर बंद करतात, हलक्या हाताने भोक पाडतात.

रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे चार-चार इंच जास्त. पडदा सारला की त्याचा गठ्ठा भिंतीवर यावा, उजेड अडू नये. लिंटेलही खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर टेकलेलं असतं, त्यामुळे ब्रॅकेटला तिथे पक्की जागा मिळते. स्लायडिंगच्या लांब रॉडला मधे तिसरं ब्रॅकेट, नाहीतर पाइपला झोळ येतो. पण मधल्या ब्रॅकेटवरून रिंगा पुढे सरकत नाहीत, म्हणून तिथे दोन पडदे, मधोमध मिळणारे.

आता खरी अडचण उंचीची. नव्या फ्लॅटमध्ये दारं-खिडक्यांचे माथे बहुधा सात फुटांवर एका रेषेत असतात. इथे जुन्या खिडकीपेक्षा स्लायडिंग दोन इंच खाली, झरोका तर फूटभर.

"झरोक्याचा रॉड खालीच लावा ना, दादा."

"आजी, मग खोलीत पायऱ्या दिसतील. सगळ्यात उंच खिडकीची रेघ धरू."

छत एका बाजूला कललंय, म्हणून माप छतापासून घेत नाहीत. पाणसळ लावून तिन्ही खिडक्यांवरून पेन्सिलची एकच रेघ ओढतात. ही रेघ ओढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता.

झरोक्याचा पडदा मात्र पातळ मलमलीचा. दुपारनंतर देवांवर ऊन पडतं, ते तिथूनच.