झाकली मूठ आणि विमानांचे अभियंते

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचे आहे ते विमान व अवकाश क्षेत्रातील अभियंत्यांचे पगार गुप्त ठेवण्याच्या पद्धतीविषयी.

इस्रोमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्याला किती पगार मिळतो, हे कळण्यासाठी कोणाची ओळख काढावी लागत नाही. 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' या पदाच्या जाहिरातीतच वेतनस्तर 10 आणि मूळ वेतन 56,100 रुपये असे छापलेले असते. त्यावर जुलै 2025 पासूनच्या 58 टक्के दराने महागाई भत्ता धरला, तर 32,538 रुपये होतात. घरभाड्यासाठी केंद्र सरकारने केलेल्या शहरांच्या वर्गवारीत बेंगळुरू हे 'एक्स', म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातील शहर असल्याने तेथे घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 16,830 रुपये मिळतो. तोच अभियंता तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात गेला, तर ते शहर 'वाय' वर्गातील असल्यामुळे हा भत्ता 11,220 रुपयांवर येतो. प्रवास भत्ता वेगळा. पुढच्या पायऱ्याही अशाच उघड आहेत: एसडीला 67,700, एसईला 78,800, एसएफला 1,23,100 रुपये मूळ वेतन. एवढेच नव्हे, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना मिळणारे मासिक वेतन, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते.

आता त्याच बेंगळुरूत थोडे पुढे जाऊ. जानेवारी 2024 मध्ये देवनहळ्ळीजवळ बोईंगच्या 43 एकरांच्या परिसराचे उद्घाटन झाले. त्याच्या कितीतरी आधी, 2000 साली, जनरल इलेक्ट्रिकने याच शहरात जॉन वेल्च यांच्या नावाने तंत्रज्ञान केंद्र काढले होते. एअरबस आणि रोल्स-रॉइससारख्यांची अभियांत्रिकी कामेही या शहरात चालतात. या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलामुलींची पुण्या-नाशिकानंतरची धाव बहुधा इकडेच असते. मात्र अशा ठिकाणच्या पदाची जाहिरात देताना पगाराचा पट्टा जाहीर करण्याचे बंधन भारतीय कायद्याने कोणावरही घातलेले नाही. याउलट अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, जिथे बोईंगचे मोठे कारखाने आहेत, 1 जानेवारी 2023 पासून पंधरा किंवा अधिक माणसे कामावर असणाऱ्या प्रत्येक मालकाला जाहिरातीत किमान आणि कमाल वेतन लिहावे लागते. कॅलिफोर्नियातही त्याच दिवसापासून तसाच नियम लागू झाला, आणि कोलोरॅडोने तो त्याच्याही दोन वर्षे आधी लागू केला होता. म्हणजे एकाच विमानाच्या एकाच भागावर दोन खंडांत काम चालले असले, तरी मोबदल्याचा पट्टा अर्ज करण्याआधी कळण्याचा हक्क त्यांतल्या एकाच ठिकाणच्या उमेदवाराला आहे.

आपल्याकडे कंपनी कायदा अगदीच मुका आहे असे नाही. 2013 च्या कायद्याच्या 197 व्या कलमाखाली शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालकाचे वेतन मध्यम, म्हणजे सर्वांचे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणाऱ्या, कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या किती पट आहे हे सांगावे लागते, आणि वर्षाला 1 कोटी 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक घेणाऱ्यांचा तपशीलही द्यावा लागतो. परंतु परदेशी कंपन्यांची येथील केंद्रे बहुतेक खासगी मर्यादित कंपन्या म्हणून नोंदलेली असतात, त्यामुळे ती या नियमातून सुटतात. शिवाय कोट्यधीशांची यादी पाहून विमानाच्या भागांवरील ताणांचा हिशेब करणाऱ्या, चार वर्षांच्या अनुभवाच्या स्ट्रेस इंजिनिअरला आपल्याविषयी काय कळणार?

पगार गुप्त ठेवण्याचा फटका या क्षेत्रात इतरांपेक्षा अधिक बसतो, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. संगणक प्रणाली लिहिणाऱ्याला त्याच शहरात शेकडो गिऱ्हाइके असतात, म्हणून चार मुलाखती दिल्या की बाजारभाव आपोआप कळतो. पण ज्याने दहा वर्षे पंखांच्या कंपनांचे गणित केले, किंवा इंजिनाच्या पात्यांतील सूक्ष्म भेगा शोधण्याची पद्धत आत्मसात केली, त्याला मोल देऊ शकणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्याच्या कौशल्याला बाजारच छोटा. आणि बाजार छोटा असला, की भाव ठरवण्याचे पारडे घेणाऱ्याकडे झुकते. भरीस भर म्हणजे पदनामांचा गोंधळ. एका ठिकाणचा 'सीनियर इंजिनिअर' दुसरीकडे 'लीड' म्हणवतो, आणि अभियांत्रिकी सेवा पुरवणाऱ्या कंपनीतर्फे ग्राहकाच्या कचेरीत बसणारा अभियंता शेजारच्या टेबलावरच्या कायम माणसासारखेच काम करत असला, तरी दोघांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांच्या फिती वेगळ्या रंगांच्या असतात, आणि पगारपत्रकेही वेगळी.

या गुप्ततेचा दुसरा खांब म्हणजे सीटीसी, अर्थात कंपनीला एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला येणारा एकूण खर्च. उदाहरणादाखल वर्षाला 9 लाखांचा देकार घेऊ. हे आकडे कोणा कंपनीचे नसून केवळ हिशेबासाठी मांडलेले आहेत. ऐकणारा लगेच बाराने भागतो आणि 75,000 रुपये महिना असे घरी सांगतो. आता मूळ वेतन निम्मे, म्हणजे साडेचार लाख धरा. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा 12 टक्के वाटा 54,000 रुपये, उपदानापोटी (ग्रॅच्युइटी) 4.81 टक्के म्हणजे 21,645 रुपये, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग 90,000 रुपये आणि गट विमा 12,000 रुपये, एवढे सगळे त्या 9 लाखांतच बसवलेले असते. उरलेल्या 7,22,355 रुपयांतून अभियंत्याचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी 54,000 रुपये आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कर 2,500 रुपये वजा केले, की हातात महिन्याला साधारण 55,500 रुपये पडतात. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही, कारण निधीचे पैसे शेवटी त्याचेच. पण दोन कंपन्यांचे 9 लाख एकसारखे असतील, असे मात्र मुळीच समजू नये. एकीकडे बदलता भाग 5 टक्के असेल, दुसरीकडे 20. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच मोजायचा असे ठरवल्यामुळे या रचनेला थोडीफार शिस्त येईल. त्याच संहितेने लिंगावरून वेतनात भेद करण्यास मनाई केली आहे, पण भेद आहे की नाही हे ताडून पाहण्यासाठी लागणारी माहिती मागण्याचा हक्क दिलेला नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत खटकते. मुलाखतीच्या पहिल्याच फोनवर एचआर विभाग विचारतो, 'सध्याचा सीटीसी किती?', आणि पुढे मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागवल्या जातात. नवा पगार मग कामावरून ठरत नाही, जुन्या पगारावर काही टक्के चढवून ठरतो. कॅम्पसमधून कमी पगारावर लागलेली, किंवा बाळंतपणानंतर दोन वर्षांनी कामावर परतलेली अभियंता पुढची पंधरा वर्षे त्या पहिल्या आकड्याचेच ओझे वाहत राहते. युरोपीय संघाच्या 2023 च्या वेतन पारदर्शकता निर्देशाने नेमके याच जागी बोट ठेवले आहे. पूर्वीचा पगार विचारायचा नाही. सुरुवातीचे वेतन किंवा त्याचा पट्टा उमेदवाराला आधी कळवायचा. आणि समान काम करणाऱ्यांचे सरासरी वेतन स्त्री-पुरुषनिहाय किती, असे कर्मचाऱ्याने विचारले तर दोन महिन्यांच्या आत उत्तर द्यायचे. सदस्य देशांना आपापले कायदे करण्यासाठी 7 जून 2026 ही मुदत आहे. तूलूझ आणि हॅम्बुर्ग येथे विमाने जुळवणाऱ्या एअरबसलाही अर्थातच हे नियम पाळावे लागतील.

पारदर्शकतेने पगार वाढतोच, असे मात्र समजू नये. डेन्मार्कने 2006 साली स्त्री-पुरुषांच्या वेतनाची आकडेवारी कर्मचाऱ्यांपुढे ठेवण्याचा कायदा केला, तेव्हा तफावत कमी झाली खरी, पण ती मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे. आकडा उघड झाल्याने भांडणही पेटते. ऑक्टोबर 2019 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या देशभरच्या केंद्रांत, नाशिकजवळच्या ओझरसह, कामगारांनी संप पुकारला, तेव्हा त्यामागे अधिकाऱ्यांना मिळालेल्या वेतनवाढीशी केलेली तुलना होती. आणि ती तुलना शक्य झाली, कारण सार्वजनिक उपक्रमांच्या वेतनाचे आदेश सर्वांना वाचायला मिळतात. मला हा पारदर्शकतेचा दोष वाटत नाही. आकडे समोर ठेवून भांडणे हे अफवांवर धुमसत राहण्यापेक्षा बरे. सिएटलच्या परिसरात बोईंगच्या अभियंत्यांची 'स्पीया' नावाची संघटना आहे. ती आपल्या सभासदांसाठी पगाराचे तक्ते तयार करते, आणि 2000 साली याच अभियंत्यांनी 40 दिवस संप केला होता. पांढरपेशा अभियंता रस्त्यावर उतरत नाही, हा आपल्याकडचा समज तिकडे तेव्हाच मोडला.

आपल्याकडे संघटनेची वाट खासगी अभियंत्यांना आजतरी दूरची दिसते, आणि अनेक नेमणूकपत्रांत तर पगार कोणाला सांगू नये असे कलमच असते. अमेरिकेत 1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने पगाराविषयी आपसांत बोलण्याला संरक्षण दिले, पण 1947 च्या दुरुस्तीने पर्यवेक्षकांना त्यातून वगळले. एप्रिल 2014 मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी सरकारी कंत्राटदारांना, म्हणजे विमान व अवकाश क्षेत्रातील बहुतेक मोठ्या कंपन्यांना, पगार सांगणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यास मनाई करणारा आदेश काढला. तो ज्या मूळ आदेशावर उभा होता, तो मूळ आदेशच जानेवारी 2025 मध्ये रद्द झाला. 1935 चा कायदा मात्र जागच्या जागी आहे.

भारतातही या क्षेत्राचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच आहे. वायुदलासाठी घेतलेल्या सी-295 जातीच्या 56 वाहतूक विमानांपैकी 40 विमाने वडोदऱ्यात टाटांच्या कारखान्यात बनायची आहेत, आणि तो सारा पैसा सार्वजनिक तिजोरीतला आहे. अशा करारांत देशी सुट्या भागांचे प्रमाण किती असावे, याची अट आपण घालतो. कंत्राटदाराने अभियंत्यांच्या प्रत्येक पदाचा वेतनपट्टा जाहिरातीत छापावा आणि जुनी स्लिप मागू नये, अशी दोन ओळींची अट त्याच कागदावर सहज बसेल, आणि तिच्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज पडणार नाही.